तांडेलाचं पुढे काय झालं

सरावलीच्या रस्त्यावर चंदेरी हेल्मेट घालून सायकल चालवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तुम्ही बोईसरला फार उशिरा आलात, एवढंच मी म्हणेन. त्या काळात मोटरसायकलवालेसुद्धा डोकं उघडं टाकून फिरत. हा गृहस्थ सायकलवर हेल्मेट घालायचा. हेल्मेट कारखान्याचंच, मूळचं पिवळं. वाफेच्या पाइपांना मारून उरलेला ॲल्युमिनियमचा रंग त्याने त्यावर चढवला होता. रस्त्यातली पोरं मागे धावली की तो एक हात उंच करून त्यांचा असा निरोप घ्यायचा, की बघणाऱ्याला वाटावं, हा आता काही वर्षं दिसत नाही. संध्याकाळी गडी कॅरियरला मेथीची जुडी लावून परत हजर.

कारखान्यात आम्ही त्याला कप्तान म्हणायचो. उत्तरेकडचे कामगार अदबीने कप्तानसाब म्हणत. आमची एकच शिफ्ट, आणि सरावलीच्या बैठ्या खोल्यांत आमच्या भिंतीला भिंत. त्यामुळे हा माणूस मला दिवसाचे सगळे तास मिळाला, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

कारखाना कापडाच्या रंगांचा. ज्या रंगाचं काम चालू, त्या रंगाची माणसं. एखाद्या आठवड्यात आम्ही सगळे पिवळे, पुढच्या आठवड्यात गुलाबी. रसायनं शिजवायच्या मोठाल्या बंद हंड्यांना आम्ही रिॲक्टर म्हणायचो. शेजारच्या अणुकेंद्राशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण गावाकडे गेल्यावर तो गैरसमज आम्ही कौतुकाने राहू द्यायचो. कप्तान या हंड्यांशी अहो-जाहोने बोलायचा. "अहो, आज जरा तापलात का?" असं विचारून मग काट्याकडे बघायचा. शिफ्ट संपली की पुढच्या माणसासमोर टाचा जुळवून म्हणायचा, "यान सुस्थितीत आहे. आपल्या ताब्यात देतो." आणि साहेब घाईला आले की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पृथ्वीवरचं काम आहे साहेब, होईल." साहेब त्याचा अर्थ लावेपर्यंत काम खरंच झालेलं असायचं.

आकाशातल्या सिनेमांचं त्याला वेड होतं. साधं नव्हे, पिसाट. पालघरच्या टॉकीजला असला इंग्रजी सिनेमा लागला की हा तिसऱ्या रांगेत. मागे का बसत नाहीस विचारलं तर म्हणायचा, लांबूनच बघायचं तर घराबाहेर खाट टाकून आकाश बघावं, फुकट आहे. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तोच सिनेमा सगळ्यांना सांगायचा. डबा म्हणजे यान, त्याची झाकणं म्हणजे शत्रूची यानं, ताकाचा पेला म्हणजे एखादा गोठलेला ग्रह. एकदा भोंगा झाला तरी कोणी उठेना, म्हणून प्रॉडक्शन मॅनेजर दरडावायला आले आणि शत्रूच्या तिसऱ्या यानाचा स्फोट होईपर्यंत मागे उभेच ऐकत राहिले.

आता त्याच्या लग्नाकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते.

मुलगी केळव्याकडची. पिढ्यान् पिढ्या वाडी करणारं घर: पानवेली, केळी, नारळ-सुपारी. सासरे म्हणजे धोतर, काळा कोट, टोपी आणि फार थोडे शब्द. जे बोलायचे ते पाळायचे, म्हणून मोजके बोलायचे, अशी त्यांची ख्याती. कप्तान त्यांना मामा म्हणे, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो. लग्नाच्या आठवड्यात आमच्याकडे पिवळ्या रंगाचं काम चाललेलं. नवरदेवाला हळद लावायला बायका जमल्या, तर कोणीतरी आधीच लावून गेल्यासारखा हा उभा. नखांपर्यंत पिवळा. मामांनी जावयाला नीट निरखलं, आणि विहिणींकडे वळून विचारलं, हा रंग उतरतो का.

पंगत बसली. जावयाने ताटावर रुसायचं आणि सासऱ्याने काहीतरी कबूल केल्याशिवाय घास उचलायचा नाही, हा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. कोणी अंगठी मागतो, कोणी घड्याळ, कोणी रेडिओ. कप्तानने हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. मंडपातली माणसं सरसावून बसली. मामा पुढे आले.

"बोला जावईबापू, काय पायजे?"

"मामा, पालघरला एक सिनेमा येणार आहे. आकाशातला. तो तुम्ही माझ्याबरोबर बघायचा."

मंडपात असा हशा पिकला की वाढप्याच्या हातातली आमटी हिंदकळली. मामा हसले नाहीत. त्यांनी आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. पण पंगत खोळंबली होती. "बगीन," ते म्हणाले. कप्तानने पहिला घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"तीन भागांत आहे, मामा."

"तिन्ही बगीन. जेवा आता."

आम्ही मित्रांनी नंतर त्याला फैलावर घेतलं. सोन्याची अंगठी आली असती, वेड्या. तर हा शांतपणे म्हणाला, अंगठी बोटात बसली की विषय संपला. कप्तानला स्वतःचे वडील आठवत नव्हते. चुलत्यांकडे वाढलेला. त्या घरात त्याला सगळं मिळालं होतं, पण कोणी त्याला हाताला धरून कुठे नेलं नव्हतं. हे तो एवढंच बोलला, आणि लगेच मला म्हणाला की तुझ्या कानाला गुलाबजामचा पाक लागलाय.

पहिला भाग लागला तो लग्नानंतर पुष्कळ महिन्यांनी. मामा शटलने पालघरला उतरले. एका हातात केळ्यांचा घड, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला तांब्या. तांब्या का, तर त्यांच्या घराण्यात बाप लेकीच्या सासरी जात नसे, आणि गेलाच तर तिथलं अन्नपाणी घेत नसे. सिनेमा संपल्यावर पुढे सरावलीला लेकीला बघून यायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. म्हणून पाणी घरून. असा हा तांब्यासकट माणूस तिसऱ्या रांगेत कप्तानच्या आणि माझ्या मध्ये बसला. चपला काढून मांडीवर घेतल्या. पडद्यावर ग्रह फुटत होते, तारे सुसाट अंगावर येत होते, आणि मामा देवळात बसल्यासारखे ताठ. कप्तान त्यांच्या कानात गोष्ट सांगत होता. त्याचं इंग्रजी माझ्याएवढंच, म्हणजे जेमतेम. तरी गोष्ट कळण्यासारखी होती: घर हरवलेल्या माणसांचं एक यान, आणि ते नव्या घराकडे नेणारा एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा चालक.

"हा तांडेल," मामा अचानक म्हणाले. होडी हाकणाऱ्या म्होरक्याला आमच्या किनाऱ्यावर तांडेल म्हणतात. पूर्ण सिनेमात ते एवढंच बोलले. बाहेर आल्यावर कप्तानने विचारलं, कसा वाटला? मामांनी विचार केला.

"ही मान्सं जेवतात कवा?"

मग ते सरावलीला आले. ओट्यावर बसले, आत आले नाहीत. तांब्यातलं पाणी प्यायले, घरून आणलेलं केळं खाल्लं. कप्तानची बायको, म्हणजे आमची वहिनी, दाराच्या चौकटीत बसून वाडीतल्या प्रत्येक झाडाची चौकशी करत होती, आणि मामा प्रत्येक झाडाचं उत्तर देत होते. संध्याकाळच्या गाडीने गेले. त्या दिवशी वहिनीने भाजीत दोनदा मीठ घातलं आणि कप्तानने ती वाखाणून खाल्ली.

दुसरा भाग दोनेक वर्षांनी आला. या भागात यानाचं इंजिन बंद पडतं आणि म्हातारा कमरेला दोर बांधून ते दुरुस्त करायला बाहेर पडतो. काळ्याभोर आकाशात एकटा. इंजिन धडधडतं, आतली माणसं टाळ्या वाजवतात, आणि तेवढ्यात दोर तुटतो. म्हातारा दूर दूर जात राहतो. दिवे लागले. सिनेमा संपला.

मामा उठेनात.

"रशी तुटली आन् खेळ बंद?"

"पुढचं तिसऱ्या भागात, मामा."

"आन् तवर तो तांडेल?"

"तोवर तो तसाच."

 सरावलीला ओट्यावर बसल्यावरही मामा इतके विचारात होते की वहिनीने चहाचा कप पुढे केला तो त्यांनी घेतला आणि प्यायलाही. कप रिकामा झाल्यावर भानावर आले. "चा म्हंजे काय जेवन नाय," त्यांनी निकाल दिला. वहिनी कप घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

त्यानंतर केळव्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर निरोप येऊ लागला: तांडेलाचं काय झालं? दूधवाला विचारायचा, पानांच्या करंड्या पोचवणारा विचारायचा. ज्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता अशा निम्म्या केळव्याला त्या म्हाताऱ्याची काळजी लागून राहिली होती. कप्तान सगळ्यांना सांगे, धीर धरा, येतोय तिसरा.

आणि आला की तिसरा. बोईसर स्टेशनबाहेरच्या भिंतीवर भलंमोठं पोस्टर लागलं. मी सायकल दामटत ही बातमी सांगायला गेलो. वाटलं होतं, कप्तान हेल्मेट हवेत उडवेल. तो म्हणाला, "हळू बोल. आत तिच्या कानावर जाईल."

दुसऱ्या दिवशी बघतो तर पोस्टर गायब. त्या जागी कबड्डीच्या सामन्यांची पोस्टरं, एकाला एक लावून. व्यायामशाळेत मागच्या वर्षीचा गठ्ठा पडून होता. कप्तानने तो उचलून, वर्ष फाडून, वार तेवढा ठेवून चिकटवला होता. खळीची बादली त्याच्या मोरीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी त्याला नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ओढत नेलं आणि सरळ विचारलं, की बाबा रे, ज्या सिनेमासाठी तू सोन्याची अंगठी सोडलीस तो लपवतोस कशाला?

कप्तानने कप खाली ठेवला.

"तिसरा भाग बघितला की मामांचा शब्द पुरा झाला. मग ते इकडे येतील कशाला?"

मला हसू आलं होतं, ते तिथेच विरलं. कारण खरंच होतं. शब्द दिलेला म्हणून मामा घराण्याचा रिवाज मोडून ओट्यावर बसत होते. शब्द पाळून झाला की ताठ मानेने घरी जाणार, आणि वहिनीला झाडांची खुशाली पानवाल्याकडून कळणार. "सिनेमा आठवडाभर राहील आणि जाईल," कप्तान म्हणाला. "मामा वाट बघत राहतील. वाट बघणारा माणूस निदान निरोप तरी पाठवतो."

बेत उत्तम होता. फक्त कबड्डीवाल्यांचा विचार त्यात राहून गेला. रविवारी सकाळी चिंचणीचा एक संघ बनियन-चड्डीसह, ढोलासह, दोन राखीव गड्यांसह बोईसरच्या मैदानावर हजर झाला. मैदानात चार म्हशी. संघाने आधी म्हशींकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि तडक पोस्टर गाठलं. संघनायकाने रागारागाने ते टराटरा फाडलं. खालून निघाला आकाशातला सिनेमा. ही हकिकत किनाऱ्याकिनाऱ्याने किती वेगाने पसरली म्हणून सांगू! केळव्याला पोचेपर्यंत तिच्यात आणखी एक संघ आणि दहा म्हशी वाढल्या होत्या.

मंगळवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मामा दारात. कोट, टोपी, तांब्या.

"जावईबापू, सिनेमा आलाय म्हनं."

कप्तानच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही. त्याने हेल्मेट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मामांनी पोस्टरचा विषय काढला नाही. वहिनी हसून म्हणाली की परत येताना सगळ्यांनी वेळेवर या, आणि आत जाऊन तिने पदराने तोंड पुसलं. तिलाही सगळं कळलेलं होतं.

तिसरी रांग. कप्तान, मामा, मी. सिनेमा सुरू झाला आणि म्हातारा चालक होता तिथेच, अंधारात, एकटा तरंगत. मामांनी सुस्कारा सोडला, निदान जिवंत आहे म्हणून. पण सिनेमावाले त्याला तिथेच सोडून भलत्याच लढाया दाखवत बसले. मामा चुळबुळू लागले. "ह्याला कोन बगतो का नाय?" असं त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं की मागच्या रांगेतूनही कोणीतरी तेच ओरडलं. कप्तान या वेळी कानात काहीच सांगत नव्हता. मध्यंतरात त्याने वड्याला हात लावला नाही. तो पडद्याकडे बघत नव्हताच, तो मामांकडे बघत होता.

शेवटी लढाई संपली आणि यान वळलं. शोधत शोधत आलं. काळ्या पोकळीत पांढरा ठिपका दिसला. दार उघडलं, नवा दोर सुटला, तो सरकत सरकत म्हाताऱ्याच्या दिशेने निघाला. म्हाताऱ्याने हात लांब केला. अख्खं टॉकीज पुढे झुकलेलं. आणि मामांनी मांडीवरच्या चपला खाली टाकल्या, पायात घातल्या, तांब्या उचलला आणि उभे राहिले.

"चला, जावईबापू."

"मामा, शेवट..."

"चला म्हंतो ना."

मागून शिव्या आल्या. बुढ्ढे, बैठ जा. मामा रांगेतून सरळ चालत बाहेर गेले आणि त्यांच्यामागे कप्तान. मी? मी तिकीट काढून आलेला माणूस. मी बसून राहिलो.

बाहेर काय झालं ते कप्तानने मला नंतर इतक्या वेळा करून दाखवलंय की दर वेळी ते थोडं लांबत गेलंय. मी सगळ्यात आखूड आवृत्ती देतो. टॉकीजच्या फाटकाशी एक बाक होता. मामा तिथे बसले. भिंतीतून सिनेमाचं संगीत ऐकू येत होतं.

"तीन भाग तुमच्यासंगती बगीन, असा सबूद दिल्ता मी. तिसरा पुरा झाला?"

"नाही, मामा."

"मंग सबूद बाकी हाय." मग रस्त्याकडे बघत, "बाकी असलेला बरा. येनंजानं ऱ्हातं."

मी बाहेर आलो तेव्हा दोघं बाकावर शेजारी शेजारी, समोरच्या बैलगाडीकडे टक लावून बसलेले. मामांनी मला जवळ बोलावलं.

"तू पुरा बगितलास?"

"हो, मामा."

"मंग तोंड बंद ठेव."

मी ठेवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण तोंड बंद ठेवणं हा माझा गुण नव्हे. त्यानंतर तो सिनेमा पालघरला दोनदा परत लागला, आणि पुढे बोईसरला व्हिडिओ पार्लर निघालं तिथेही लागला. दर वेळी मामा आले, दर वेळी म्हाताऱ्याने हात लांब केला की उठले. पार्लरवाला तर त्यांना दार उघडून द्यायचा. मधल्या काळात सिनेमा कधी लागतोय याची चौकशी करायलाही ते येऊ लागले. चौकशीला वेळ लागायचा, मग जेवण व्हायचं. कप्तानला मुलगी झाली त्या वर्षी तांब्या घरी राहिला तो राहिलाच. ओट्यावरची जागा जाऊन आत खाटेवर उशाला तक्क्या आला. पण दर खेपेला निघताना मामा गंभीरपणे विचारायचे, "तिसऱ्याचं कसं करायचं?" आणि कप्तान तितक्याच गंभीरपणे म्हणायचा, "बघू, मामा. पृथ्वीवरचं काम आहे."

मग सरावलीत केबल आली. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर टीव्हीवर तोच सिनेमा, हिंदी बोलत होता. कप्तान, वहिनी आणि त्यांची शाळकरी मुलगी बघत बसलेले. मीही टेकलो. यान वळलं, ठिपका दिसला, दोर सुटला. म्हाताऱ्याने हात लांब केला आणि कप्तान उठला. चपला घातल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा टीव्हीकडे वळली.

सिनेमा संपल्यावर मुलगी उड्या मारत बाहेर धावली. "बाबा, बाबा, तो म्हातारा ना..."

पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाने दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबले आणि गणपतीची आरती म्हणायला सुरुवात केली, भर दुपारी, टिपेच्या स्वरात. समोरच्या खोल्यांतली माणसं दारात आली. मुलगी हात ओढत होती, हा डोळे मिटून कडव्यामागून कडवी म्हणत होता. शेवटी ती कंटाळली आणि माझ्याकडे वळली. विचारलं, बाबा असं का करतात, त्यांना शेवट का नको?

मी तिला म्हटलं, तुझ्या आजोबांबरोबर बघायचं ठरलंय त्यांचं.

मामांना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.